जँगो-सिंपल-हिस्टरी: 'हे कोणी बदललं?' या प्रश्नाला उत्तर देणारी लायब्ररी

आधी निकाल सांगून टाकतो, मग सविस्तर. जँगोमध्ये, म्हणजे पायथॉन भाषेत वेब सॉफ्टवेअर बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये, कोणाचं तरी रोजचं काम चालेल असं सॉफ्टवेअर बनवत असाल, म्हणजे दुकानाचं बिलिंग, क्लासची फी, हाऊसिंग सोसायटीचा मेंटेनन्स, दवाखान्याचे पेशंट रेकॉर्ड, काहीही, तर सिंपल हिस्टरी ही लायब्ररी पहिल्याच दिवशी टाका. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पाचवा का नाही ते पुढे येतंय आणि तो भाग घाईत वाचू नका, कारण पैशाचा मामला तिथेच आहे.

लायब्ररी फुकट आहे, ओपन सोर्स, बीएसडी लायसन्स. मूळ कोड मार्टी ऍल्चिन यांचा, पुढे कोरी बर्ट्रम यांनी तो वाढवला आणि मग बरीच वर्षं जॅझबँड या ग्रुपखाली अनेकांनी मिळून सांभाळला. काम एका वाक्यात सांगायचं तर तुमच्या मॉडेलमधला (मॉडेल म्हणजे कोडमधली डेटाबेसच्या एका टेबलाची व्याख्या) कुठलाही रेकॉर्ड नवा आला, बदलला किंवा डिलीट झाला की त्या क्षणी तो जसा होता तशी त्याची पूर्ण कॉपी वेगळ्या टेबलात ठेवायची, सोबत तारीख-वेळ, कोणी केलं आणि काय प्रकारचा बदल ते. जुन्या मुनीमजींच्या खातेवहीत खोडाखोड चालायची नाही, चूक झाली तरी खाली नवी ओळ लिहायची, तसंच हे.

आता कोणी म्हणेल जँगोच्या ॲडमिनमध्ये, म्हणजे डेटा बघायच्या-बदलायच्या तयार स्क्रीनमध्ये, हिस्टरीचं बटण आधीपासून आहेच की. आहे, पण ते बघा काय सांगतं: 'अमुक युजरने उधारी मर्यादा बदलली'. आधी किती होती आणि नंतर किती केली ते सांगतच नाही, फक्त फील्डचं नाव. शिवाय ते फक्त ॲडमिनमधून केलेल्या बदलांचंच असतं. तुमच्या स्वतःच्या स्क्रीनवरून, मोबाईल ॲपच्या एपीआयमधून किंवा शेलमधून (कमांड टाईप करायच्या खिडकीतून) काही बदललं तर तिथे ओळच येत नाही. भांडण मिटवायला याचा काही उपयोग नाही, कारण भांडण आकड्याचं असतं.

मी ज्या कामासाठी ही लायब्ररी वापरतो ते एका कृषी सेवा केंद्राचं सॉफ्टवेअर आहे. खतं, बियाणं, औषधं, आणि अर्थातच उधारी, कारण शेतकरी ऊस गेल्यावर किंवा सोयाबीन विकल्यावर पैसे देतो, त्याच्या आधी सगळं वहीवरच चालतं. प्रत्येक ग्राहकाच्या रेकॉर्डवर उधारीची मर्यादा असते. एकदा मालकांना दिसलं की एका ग्राहकाची मर्यादा २५,००० ची ७५,००० झालेली आहे आणि त्याने तेवढा माल उचलून पण नेलाय. साहजिकच संशय काउंटरवरच्या पोरावर गेला, कारण आदल्या दिवशी तेच रेकॉर्ड त्याने उघडलेलं सगळ्यांनी बघितलं होतं. तो मला फोनवर म्हणत होता, 'दादा, मी फक्त मोबाईल नंबर बदलला हो, मर्यादेला हातच नाही लावला, तुम्ही सांगा ना मालकांना.' हिस्टरीचं पान उघडलं. खालून वर तीन ओळी. पहिली प्लसची खूण, म्हणजे रेकॉर्ड तयार झालं ती. दुसरी नागमोडी रेघेची खूण, म्हणजे बदल, त्या पोराच्या लॉगिनने, आणि तिच्यात खरंच फक्त मोबाईल नंबर बदललेला, मर्यादा २५,०००च. तिसरी पण नागमोडी, रात्री दुकान बंद व्हायच्या वेळची, आणि ती मालकांच्या स्वतःच्या लॉगिनची. मालकांना मग आठवलं की घरून फोन आला होता, पाहुण्यातला माणूस आहे, मर्यादा वाढवून द्या म्हणून. विषय तिथेच संपला. त्या पोराची नोकरी आणि नाव दोन्ही वाचलं. या गोष्टीसाठी मला ही लायब्ररी मनापासून आवडते. लोकांना वाटतं असले लॉग नोकरांवर नजर ठेवायला असतात, पण मी बघितलंय की बऱ्याचदा त्यातून खालच्या माणसाचीच बाजू सिद्ध होते, कारण त्याच्याकडे दुसरा पुरावाच नसतो.

पण त्यासाठी एक गोष्ट आधी करावी लागते, जी लायब्ररीच्या हातात नाही. प्रत्येकाला वेगळं लॉगिन. आपल्याकडे छोट्या धंद्यात 'ॲडमिन' नावाचं एकच लॉगिन सगळे वापरतात, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, आणि मग हिस्टरीत प्रत्येक ओळीवर ॲडमिन, ॲडमिन, ॲडमिन. त्याचा शून्य उपयोग. माझा तर आता नियमच आहे, वेगळी लॉगिन्स वापरायला मालक तयार नसतील तर हिस्टरी दाखवायचं कबूल करत नाही, कारण त्या पानावर चुकीच्या माणसाचं नाव दिसणं हे काहीच न दिसण्यापेक्षा वाईट.

बसवायला किती वेळ लागतो? खरंच कमी. पिपने इन्स्टॉल करा, सेटिंग्जच्या इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये नाव टाका, मिडलवेअरच्या (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते त्या कोडच्या) यादीत तिची एक ओळ टाका, आणि ज्या मॉडेलवर नजर ठेवायची त्यात हिस्टरी नावाने हिस्टॉरिकल रेकॉर्ड्सची एक ओळ. मायग्रेशन (डेटाबेसमधली टेबलं बदलायची फाईल) बनवा, चालवा, झालं. ग्राहक मॉडेल असेल तर हिस्टॉरिकल-ग्राहक नावाचं जोडटेबल तयार होतं, मूळ टेबलातले सगळे कॉलम तसेच, वर पाच नवीन कॉलम: हिस्टरी आयडी, तारीख, प्रकार, युजर आणि बदलाचं कारण. मूळ टेबलात एकही कॉलम वाढत नाही, त्यामुळे चालू प्रोजेक्टमध्ये सुद्धा न घाबरता टाकता येते. मिडलवेअरची ओळ मात्र विसरू नका, तिच्याशिवाय लायब्ररीला रिक्वेस्टमधला युजर कळत नाही आणि युजरचा कॉलम रिकामा राहतो, बाकी सगळं व्यवस्थित चालतं त्यामुळे लक्षात पण येत नाही.

चालू प्रोजेक्टवरून आठवलं, हे महत्त्वाचं आहे. लायब्ररी सेव्ह झाल्यानंतरची स्थिती साठवते, आधीची नाही. म्हणजे समजा टेबलात आधीपासून हजारो ग्राहक आहेत आणि तुम्ही आज लायब्ररी टाकली, उद्या कोणी एकाची मर्यादा बदलली, तर हिस्टरीत फक्त नवा आकडा येणार, जुना कुठेच नाही, गेला. यासाठी पॉप्युलेट हिस्टरी नावाची कमांड दिलेली आहे, ती आत्ताच्या प्रत्येक रेकॉर्डची एक सुरुवातीची कॉपी हिस्टरीत टाकते. आणि ती मायग्रेशनच्या पाठोपाठ, लोक कामाला बसायच्या आधी चालवायची, कारण एखाद्या मॉडेलच्या हिस्टरीत आधीच काही ओळी दिसल्या तर ती कमांड ते मॉडेल सोडून पुढे जाते. म्हणजे एकाने जरी सकाळी उठून एक रेकॉर्ड सेव्ह केलं तरी त्या मॉडेलचं आपोआप भरणं हुकलं. डॉक्युमेंटेशनमध्ये कमांड आहे, पण ही घाई करायची गोष्ट आहे हे वाचून तितकंसं जाणवत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

रोजच्या वापरातल्या गोष्टी छान आहेत. ॲडमिनसाठी तयार क्लास आहे, तो वापरला की प्रत्येक रेकॉर्डच्या हिस्टरीत सगळ्या आवृत्त्यांची यादी दिसते, एखादीवर क्लिक केलं की त्या वेळचा फॉर्म जसाच्या तसा उघडतो, आणि तिथून रिव्हर्ट पण करता येतं. हे रिव्हर्ट मी क्लायंटसाठी सेटिंगमधून बंद ठेवतो. बघू द्या, पण मागे फिरवायचं असेल तर रीतसर नवा बदल करा. कोडमधून काम करायचं असेल तर दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. एक, कुठल्याही आवृत्तीला आधीच्या आवृत्तीशी ताडून बघता येतं, कुठलं फील्ड, जुनी किंमत काय, नवी काय, हे तयार हातात येतं, त्यावर मी मराठीत एक साधं पान बनवलंय: 'उधारी मर्यादा २५,००० वरून ७५,००० केली'. मालकांना ॲडमिनपेक्षा ते पान आवडतं. फक्त यादी मोठी असेल तर प्रत्येक ओळीला तिची आधीची ओळ शोधायला वेगळी क्वेरी जाते, तेवढं पेजिनेशन ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे ॲज-ऑफ. तारीख-वेळ द्या आणि त्या क्षणी ते टेबल कसं होतं ते मिळतं, नंतर डिलीट झालेले रेकॉर्ड पण त्यात असतात. ३१ मार्चला रात्री रेट कार्ड काय होतं हा प्रश्न सीएंकडून दरवर्षी येतो, आणि एका ओळीत उत्तर मिळतं. जुन्या बिलावर जुनाच रेट का लागलाय हे ग्राहकाला समजावताना पण हेच वापरतो.

आता तो पाचवा स्टार.

ही लायब्ररी जँगोच्या सिग्नलवर चालते. मॉडेलचं सेव्ह किंवा डिलीट झालं की जँगो हाक मारतो आणि ती हाक ऐकून लायब्ररी हिस्टरीत ओळ टाकते. म्हणजे जिथे हाकच मारली जात नाही तिथे तिला काही कळत नाही, आणि अशा जागा कमी नाहीत. सगळ्यात मोठी जागा म्हणजे क्वेरीसेटवरचं (निवडलेल्या अनेक रेकॉर्डवर एकदम चालणारं) अपडेट. 'या कंपनीच्या सगळ्या औषधांचे रेट ५ टक्क्यांनी वाढवा' हे काम कुठलाही बरा डेव्हलपर एका अपडेटमध्ये करणार, कारण तेच वेगवान आहे, तेच शिकवलेलं आहे. जँगो ते सरळ एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) करून डेटाबेसला पाठवतो, सिग्नल नाही, हिस्टरी नाही. शेकडो रेट बदलले आणि कुठेही एक ओळ नाही. गंमत म्हणजे क्वेरीसेटवरच्या डिलीटला सिग्नल जातात, प्रत्येक रेकॉर्डची वजा खुणेची ओळ बरोबर येते, त्यामुळे एकदा डिलीट तपासून बघितलं की माणूस धरून चालतो की अपडेटचं पण तसंच असेल. नाहीये तसं.

बल्क क्रिएट आणि बल्क अपडेटचं (रेकॉर्डची यादी एकदम टाकणं किंवा बदलणं) पण तेच, पण तिथे लायब्ररीने स्वतःची पर्यायी फंक्शन्स दिली आहेत, नावातच 'विथ हिस्टरी' आहे, ती वापरली की मूळ ओळी आणि हिस्टरी दोन्ही एकदम पडतात, आणि युजर, कारण पण देता येतं. एक्सेलमधून माल भरायचं काम मी त्यांच्यावरच चालवतो, वेग पुरेसा आहे. साध्या अपडेटला मात्र असा थेट जोडीदार नाही. आधी रेकॉर्ड आणा, पायथॉनमध्ये किंमत बदला, मग बल्क अपडेट विथ हिस्टरी, असं वळसा घालून जावं लागतं.

डेटा मायग्रेशनमध्ये (टेबलाऐवजी आतला डेटा बदलणाऱ्या मायग्रेशनमध्ये) पण हिस्टरी पडत नाही, कारण तिथे जँगो जे मॉडेल देतो ते तात्पुरतं, त्यावर ही लायब्ररी जोडलेलीच नसते. आणि कोणी थेट डेटाबेसमध्ये जाऊन एसक्यूएल मारलं तर प्रश्नच नाही.

यापेक्षा जास्त बोचणारी गोष्ट म्हणजे एफ एक्स्प्रेशन. शिल्लक कमी-जास्त करताना 'आत्ता डेटाबेसमध्ये जे आहे त्यातून ५०० वजा कर' असं लिहायची ही जँगोची पद्धत, दोन काउंटरवरून एकाच वेळी बिल झालं तरी आकडा बिघडू नये म्हणून. तशी किंमत फील्डला देऊन सेव्ह केलं तर हिस्टरी असलेल्या मॉडेलवर सरळ एरर येतो. कारण साधं आहे, ही एक्स्प्रेशन फक्त अपडेटमध्ये चालते, आणि हिस्टरी तर नवी ओळ घालते, तिथे 'आत्ता जे आहे त्यातून' याला अर्थच नाही. लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, लपवलेलं नाही, आणि एरर येतो हे एका अर्थी चांगलंच, गुपचूप चुकीचं काही साठवत नाही. पण परिणाम काय होतो बघा. स्टॉक आणि उधारी शिल्लक, म्हणजे जिथे हिस्टरी सगळ्यात जास्त हवी तिथेच एफ सगळ्यात जास्त लागतो. एरर आला की घाईत असलेला डेव्हलपर काय करतो, तेच काम क्वेरीसेटच्या अपडेटमधून करतो, एरर जातो, क्लायंट खूश, आणि हिस्टरी तिथून पुढे बंद, कोणाला पत्ता नाही. मी अशा ठिकाणी ट्रान्झॅक्शन (एकतर सगळं होईल नाहीतर काहीच नाही असा कामांचा गट) उघडून, सिलेक्ट फॉर अपडेटने ओळ लॉक करून, पायथॉनमध्ये वजाबाकी करून साधं सेव्ह करतो. दोन ओळी जास्त, थोडा वेग कमी, पण प्रत्येक बदल कागदावर येतो. खरं तर शिल्लक हा एक आकडा बदलत ठेवण्यापेक्षा जमा-नावेच्या नोंदींवरून काढावा, पण सगळ्या प्रोजेक्टमध्ये तेवढी मुभा नसते.

ट्रान्झॅक्शनचा विषय निघालाच आहे तर, सिग्नल जातो तो मूळ सेव्ह संपल्यावर. बाहेरून ॲटॉमिक, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेलं, नसेल तर मूळ रेकॉर्ड आधी पक्कं होतं आणि हिस्टरीची ओळ वेगळी जाते, मधेच काही झालं तर रेकॉर्ड बदललेलं आणि हिस्टरी नाही असं होऊ शकतं. सेटिंगमध्ये ॲटॉमिक रिक्वेस्ट्स चालू करा, वेबवरून येणाऱ्या कामापुरता प्रश्न मिटतो.

युजरच्या कॉलमबद्दल अजून दोन गोष्टी. सेलरीच्या (मागे गुपचूप कामं चालवणारं सॉफ्टवेअर, पगार नव्हे) टास्कमधून किंवा क्रॉनवरून ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कमांडमधून बदल झाला तर तिथे रिक्वेस्टच नसते, मग युजर रिकामा. रिकामा युजर बघितला की मालक घाबरतात, 'हे कोण?' म्हणून विचारतात. त्यासाठी मी 'सिस्टीम' नावाचा एक युजर करून ठेवतो आणि टास्कमध्ये सेव्हच्या आधी रेकॉर्डवर तो लावतो, लायब्ररीत त्याची सोय आहे. दुसरं, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन डिलीट करू नका. डिलीट केलं की हिस्टरीतल्या त्याच्या सगळ्या ओळींवरून नाव निघून जातं, ओळी राहतात, नाव नाही. फक्त निष्क्रिय करा, युजरवरची 'ॲक्टिव्ह'ची टिक त्यासाठीच आहे.

बदलाचं कारण लिहायचा कॉलम मला फार आवडतो पण तो वापरणं तुमच्यावर आहे, फॉर्ममध्ये कारणाची चौकट आपोआप येत नाही. मी मर्यादा आणि रेट या दोनच फील्डसाठी ती चौकट टाकली आणि सक्तीची केली. बाकी ठिकाणी सक्ती केली की लोक नुसतं टिंब टाकतात. कारण मुळात शंभर अक्षरांचंच बसतं, मराठीत मोठं वाक्य लिहायचं असेल तर टेक्स्ट फील्ड करायची सेटिंग आहे, ती सुरुवातीलाच करून टाका.

फाईलच्या फील्डबद्दल गैरसमज नको. शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचा स्कॅन बदलला तर हिस्टरीत फक्त जुन्या फाईलचा पत्ता राहतो, फाईल स्वतः नाही. जुनी फाईल तुम्ही सर्व्हरवरून काढली तर तो पत्ता रिकाम्या जागेचा. मेनी-टू-मेनीची (अनेक रेकॉर्ड अनेकांशी जोडणाऱ्या फील्डची) हिस्टरी आता ठेवता येते पण कुठली फील्ड ते नावाने सांगावं लागतं, आपोआप नाही. फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या रेकॉर्डकडे बोट दाखवणाऱ्या फील्डची) जुनी किंमत म्हणून आयडी राहतो, पण तो धरून पुढे गेलात तर समोरचं रेकॉर्ड आजचं दिसतं, त्या वेळचं नाही, आणि ते डिलीट झालेलं असेल तर एरर. त्यावर हिस्टॉरिक फॉरेन की नावाचा उपाय आहे, तो ॲज-ऑफसोबत चालतो.

जागेचं बोलू. प्रत्येक सेव्हला पूर्ण ओळीची कॉपी, चाळीस कॉलममधला एक बदलला तरी चाळीस. आणि काहीच न बदलता नुसतं सेव्ह दाबलं तरी नवी ओळ. ग्राहक, रेट, कर्मचारी अशा टेबलांना काही फरक पडत नाही, ती दिवसातून किती बदलणार. पण 'शेवटचं पाहिलं' असला कॉलम प्रत्येक क्लिकला अपडेट होत असेल तर टेबल फुगतंच. असले कॉलम वगळायची सोय आहे, पण लक्षात घ्या, वगळल्याने तो कॉलम कॉपीत येत नाही, ओळ मात्र पडतेच. म्हणून मी असला कॉलम सरळ वेगळ्या मॉडेलमध्ये काढतो. एकसारख्या लागोपाठच्या ओळी काढायला आणि जुन्या ओळी काढायला दोन कमांड आहेत. जुन्या काढणाऱ्या कमांडला दिवस सांगितले नाहीत तर ती ३० दिवसांपूर्वीचं सगळं काढते, हे डोळ्यात तेल घालून वाचा आणि कमांडमध्ये दिवस कायम स्वतः लिहा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे लोकांची खाजगी माहिती. ग्राहकाचं रेकॉर्ड डिलीट केलं तरी त्याचा मोबाईल, पत्ता, आधार नंबर टाकला असेल तर तो पण, सगळं हिस्टरीत जसंच्या तसं राहतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे असे कॉलम हिस्टरीत ठेवायचे का याचा विचार आधीच करा. मूळ रेकॉर्डसोबत हिस्टरी पण जावी असा पर्याय लायब्ररीत आहे, पण मग डिलीटचा पुरावाच उरत नाही. मी आधार नंबरचा कॉलम वगळतो, बाकी ठेवतो.

क्लायंट कंपनी असेल तर अजून एक प्रश्न हमखास येतो: 'ते ऑडिट ट्रेलचं यात बसतं ना?' कंपनी कायद्याखालच्या अकाउंट्सच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून हिशोब सॉफ्टवेअरमध्ये ठेवणाऱ्या कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक व्यवहाराची ऑडिट ट्रेल राहते, प्रत्येक बदलाचा एडिट लॉग तारखेसकट पडतो, आणि ती ट्रेल बंद करता येत नाही. ऑडिटरला पण आपल्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल लिहावं लागतं. हिशोबाची पुस्तकं जपायचा काळ कमीत कमी ८ आर्थिक वर्षं. आता यातला 'बंद करता येत नाही' हा शब्द बघा. सिंपल हिस्टरी एका सेटिंगने अख्खी बंद होते, ती सोय टेस्ट वेगाने चालाव्यात म्हणून दिलेली आहे आणि टेस्टसाठी ती बरोबरच आहे. एका रेकॉर्डपुरतं हिस्टरीशिवाय सेव्ह करायची पण सोय आहे. आणि हिस्टरीचं टेबल शेवटी साधं टेबलच, ज्याच्याकडे डेटाबेसचा पासवर्ड आहे तो त्यातली ओळ बदलू शकतो. म्हणून कंपनीच्या हिशोबासाठी नुसत्या या लायब्ररीवर 'हो, बसतं' असं मी सांगत नाही. प्रोप्रायटरी दुकान, भागीदारी, सोसायटी, क्लास यांना हा कंपन्यांचा नियम लागू नाही, तिथे प्रश्न विश्वासाचा आणि आठवणीचा असतो, आणि तिथे ही लायब्ररी भरपूर पुरते.

बाकी पर्याय पण वापरून झालेत, थोडक्यात सांगतो. जँगो-ऑडिटलॉग एकाच टेबलात सगळ्या मॉडेलचे बदल ठेवतो, फक्त बदललेली फील्ड, जुनी-नवी किंमत जेसन नावाच्या मजकूर-स्वरूपात, आयपी ॲड्रेस पण. जागा कमी लागते, 'आज ऑफिसात काय काय झालं' अशी एक सरळ यादी हवी असेल तर तो बरा. पण एखाद्या तारखेला रेकॉर्ड कसं होतं हे ॲज-ऑफसारखं एका ओळीत मिळत नाही, तुकडे जोडत बसावं लागतं. जँगो-रिव्हर्जन रेकॉर्ड सिरियलाईज करून (अख्खं एका मजकुरात बदलून) ठेवतो आणि डिलीट झालेलं परत आणणं हा त्याचा हातखंडा, लेख, पानं असल्या मजकुरासाठी उत्तम, पण रिव्हिजनच्या ब्लॉकबाहेर झालेलं सेव्ह तो धरत नाही, आणि साठवलेल्या मजकुरात आकड्यांवर फिल्टर लावणं अवघड. सिंपल हिस्टरीत कॉलम खरे कॉलम असतात, 'गेल्या महिन्यात कोणाकोणाची मर्यादा ५०,००० च्या वर गेली' ही साधी क्वेरी होते, आणि माझ्या कामात हाच प्रश्न रोज लागतो.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल आणि पैशाचं काम गंभीर असेल तर जँगो-पीजीहिस्टरी बघाच. ती डेटाबेसच्या ट्रिगरवर (बदल झाला की डेटाबेस स्वतः चालवतो त्या कोडवर) चालते, त्यामुळे क्वेरीसेटचं अपडेट, एफ एक्स्प्रेशन, बल्क, थेट मारलेलं एसक्यूएल, सगळं धरते, म्हणजे वर मी ज्या जागांचं रडगाणं गायलं त्या जवळजवळ सगळ्या बंद. ट्रिगर समजून घ्यावे लागतात, आणि पोस्टग्रेसशिवाय चालत नाही, माझे निम्मे क्लायंट मायएसक्यूएलवर आहेत म्हणून मी सरसकट तिकडे गेलेलो नाही. नवीन काम पोस्टग्रेसवर आलं तर हिशोबाच्या टेबलांना पीजीहिस्टरी आणि ग्राहक, रेट, कर्मचारी यांना सिंपल हिस्टरी अशी वाटणी करतो, एकत्र वापरायला काही अडचण येत नाही.

आणि जे कोणी आधीपासून सिंपल हिस्टरी वापरतायत त्यांनी आज एवढं एक काम करा. प्रोजेक्टमध्ये डॉट-अपडेट शोधा, हिस्टरी लावलेल्या मॉडेलवर ते कुठे कुठे आलंय त्याची यादी काढा, आणि प्रत्येक ठिकाणी एक टेस्ट लिहा की हे काम झाल्यावर हिस्टरीतल्या ओळी तितक्याच वाढतात का. ज्या टेस्ट नापास होतील त्या सगळ्या जागी आत्तापर्यंतचा इतिहास तुमच्याकडे नाहीये, निदान उद्यापासूनचा तरी असेल.